पायांत मुंग्या, कपाटात बाटल्या

रोग कितीही वाईट असो, त्याचे कारण कळले की मनुष्याचा जीव थोडा तरी खाली बसतो. मधुमेह असेल तर साखर तोडता येते, क्षय असेल तर औषधाचे महिने मोजता येतात, हाड मोडले असेल तर प्लास्टर काढण्याची तारीख ठरते. पण डॉक्टरांनी सगळे कागद दोनदोनदा चाळावेत, चष्मा काढून पुसावा आणि म्हणावे, “आजार आहे खरा, पण तो कशाने झाला ते सांगता येत नाही,” तर रोग्याने करावे तरी काय? असा रोगी मग स्वतःच कारण शोधू लागतो आणि स्वतःच औषधही. शेजारी, नातेवाईक आणि खिशातला मोबाइल ह्या कामी त्याला हवी तेवढी मदत करतात!

गेली सहा वर्षे मी ह्या मंडळींपैकी एक आहे. पायांच्या मज्जातंतूंचा विकार, ज्याला डॉक्टर ‘पेरिफेरल न्यूरोपथी’ म्हणतात, तो मला आहे. आणि त्याचे कारण सापडलेले नाही. अशा स्थितीत आशा सोडायची नाही आणि भाबडेपणाही करायचा नाही, ही कसरत कशी साधावी ह्याबद्दल मला जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

अंगठ्यापासून सुरुवात

दुखण्याचा आरंभ अगदी क्षुल्लक होता. २०१९ च्या पावसाळ्यात उजव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या आल्यासारखे वाटू लागले. महिन्याभरात डाव्या अंगठ्याने त्याचा कित्ता गिरवला. वर्ष उलटले तेव्हा दोन्ही तळव्यांची अवस्था अशी की, अनवाणी चाललो तरी पायांत जाड लोकरी मोजे घातले आहेत असे वाटावे. चप्पल पायातून निसटली तर ते चार पावले पुढे गेल्यावर कळे. गंमत अशी की, दिवसा बधिर असणारे हेच पाय रात्री मात्र पेटत. अंगावरच्या पातळ चादरीचा स्पर्शही सोसवत नसे.

मग तपासण्यांची वारी सुरू झाली. रक्तातली साखर, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व, मूत्रपिंड, एच.आय.व्ही., रक्तातली प्रथिने, सगळे झाले. दारू घेता का, पूर्वी क्षयाची किंवा कर्करोगाची औषधे घेतली होती का, अंगावर संवेदना नसलेला चट्टा आहे का, हेही विचारून झाले. कारण मद्य, काही औषधे आणि कुष्ठरोग हे तिन्ही मज्जातंतूंचे जुने शत्रू. पुढे पायांना विजेचे बारीक झटके देऊन तंतूंतून संदेश किती जोराने आणि किती वेगाने जातो ते मोजले. अखेर निदानाच्या रकान्यात एक भारदस्त शब्द उमटला : ‘इडियोपॅथिक’.

हा शब्द ग्रीक भाषेतला. ‘इडिओस’ म्हणजे ज्याचे त्याचे, स्वतःचे. ‘पॅथॉस’ म्हणजे दुखणे. थोडक्यात, तुमचे दुखणे तुमच्यापाशी! शास्त्र येथे हात जोडते. पण ते ज्या सभ्यतेने हात जोडते, त्यामुळे रोग्याला वाटते की आपल्याला एखादा मोठा किताबच मिळाला.

लांबच्या तारेचे दुखणे

माझी सारी नोकरी तार-ऑफिसात गेली. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवाच बंद झाली, पण तारा आणि त्यांचे बिघाड ह्यांविषयीचे माझे ज्ञान ह्या आजारात मात्र उपयोगी पडले. माझा पहिला प्रश्न होता, बिघाड व्हायचा तर तो पायांच्या बोटांपासूनच का?

उत्तर सोपे आहे. शरीरातल्या सर्वांत लांब तारा त्या बोटांपर्यंत जातात. तळव्याची संवेदना आणणाऱ्या तंतूची मूळ पेशी कमरेच्या कण्याजवळ असते आणि तिथून निघालेला एकच धागा थेट बोटाच्या टोकापर्यंत जातो. त्याची लांबी साधारण एक मीटर; जाडी मात्र केसाहूनही कितीतरी बारीक. आमच्या खांबांवरच्या तारेला खायला घालावे लागत नसे. ही तार जिवंत आहे, तिला रोज रसद लागते, आणि रसदीचा मुख्य कारखाना कमरेपाशी. काही माल दिवसाला चाळीस सेंटिमीटरपर्यंत वेगाने धावतो आणि अडीच-तीन दिवसांत पायाशी पोहोचतो. परंतु तारेच्या सांगाड्याला लागणारा जड माल दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतो. त्याला कमरेपासून अंगठ्यापर्यंत यायला जवळजवळ तीन वर्षे लागतात. रसदीत कुठेही खोट आली की पहिली उपासमार शेवटच्या टोकाची. म्हणून आजार आधी बोटांत येतो, मग मोजा चढावा तसा वर सरकतो, आणि तो गुडघ्यापर्यंत आला की मग हाताच्या बोटांची पाळी येते.

ह्या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. तुटलेला तंतू पुन्हा वाढू लागला तरी तो दिवसाला सुमारे मिलिमीटरभरच वाढतो. म्हणून ज्या बाटलीवर ‘पंधरा दिवसांत गुण’ असे छापलेले असेल, ती बाटली मज्जातंतूंच्या वेळापत्रकाशी परिचित नाही असे खुशाल समजावे.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. विजेच्या झटक्यांची तपासणी जाड तंतूंचीच असते. वेदना आणि उष्णता वाहणारे अगदी बारीक तंतू तिच्यात दिसत नाहीत. म्हणून पायांची आग होत असताना अहवाल निर्दोष येऊ शकतो, आणि घरची मंडळी रोग्याकडे ‘ह्यांचे मनाचेच खेळ’ अशा नजरेने पाहू लागतात. तसे नसते. कातडीचा तीन मिलिमीटरचा तुकडा काढून त्यातले बारीक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात, आणि ते विरळ झालेले दिसतात.

कोंबड्यांनी सांगितलेले कारण

‘अज्ञात’ हा शब्द शास्त्रात कायमचा नसतो. ह्याची सर्वांत सुंदर कथा जावा बेटावरची आहे. गेल्याच्या मागल्या शतकाच्या अखेरीस तिथे बेरीबेरी नावाच्या रोगाने सैनिक आणि कैदी ह्यांचे पाय बधिर आणि लुळे पडत. डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन ह्यांना त्याचे जंतू शोधायला बसवले होते. जंतू काही सापडेनात. पण प्रयोगशाळेतल्या कोंबड्या मात्र एकाएकी लंगडू लागल्या आणि काही महिन्यांनी तशाच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशीअंती कळले ते असे : मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा सडीक भात मिळत होता. पुढे नवा स्वयंपाकी आला आणि त्याने लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना द्यायचे साफ नाकारले! कोंबड्या पुन्हा कोंड्यासकट तांदूळ खाऊ लागल्या आणि पायांवर उभ्या राहिल्या.

खुद्द आइकमन ह्यांना वाटले की भातात विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्यांचे सहकारी खेरिट ख्रेन्स ह्यांनी १९०१ साली नीट उलगडा केला की, कोंड्यात असलेले काहीतरी आवश्यक द्रव्य सडीक भातात नसते. ते द्रव्य म्हणजेच आजचे ब-१ जीवनसत्त्व. आइकमन ह्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्वयंपाक्याचे नाव मात्र इतिहासाने ठेवले नाही.

आपल्याकडे आज ब-१ पेक्षा ब-१२ चा प्रश्न मोठा आहे. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस ह्यांतूनच मिळते. पालेभाजीत ते नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या संशोधकांनी मध्यमवयीन ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. त्यातून मधुमेहावरची ‘मेटफॉर्मिन’ ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते आणखी घटते. म्हणून मुंग्या येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने, आणि विशेषतः शाकाहारी माणसाने, पहिली तपासणी साखरेची आणि दुसरी ब-१२ ची करावी. हे कारण सापडले तर ते नशीबच म्हणायचे, कारण त्यावर औषध आहे.

एवढे करूनही कारण न सापडणारे उरतातच. निरनिराळ्या दवाखान्यांच्या अनुभवानुसार हे प्रमाण चौथ्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाते. त्यांच्यासाठी एक दिलासा मात्र आहे. असा आजार बहुधा फार सावकाश पुढे सरकतो. हॉलंडमधल्या उट्रेख्ट येथील डॉक्टरांनी अशा रोग्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली, तेव्हा त्यांना हेच दिसले. बहुतेक सारे आपल्या पायांनी चालत राहिले. मला जेव्हा डॉक्टरांनी हे सांगितले त्या रात्री पाय नेहमीइतकेच जळत होते, पण झोप बरी लागली.

‘आग’ आणि ‘दाह’

आता बाटल्यांकडे वळू. आपल्या भाषेत पाय जळू लागले की आपण ‘आग होते’ म्हणतो. आग म्हणजे दाह, आणि दाहावर दाहशामक द्यावे, हे तर्कशास्त्र कोणालाही पटेल. परंतु येथेच घोटाळा आहे. वैद्यक ज्याला दाह म्हणते ती शरीराच्या संरक्षक पेशींची धामधूम असते. लाली, सूज, उष्णता ही तिची लक्षणे. माझ्या पायांना हात लावला तर ते गार लागतात! त्यांची आग ही उपाशी तारेने पाठवलेली खोटी वर्दी असते. पाय जळत नसतात, जळत असल्याची तार मेंदूला जात असते.

मज्जातंतूंचा खरा दाह नाही असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात ‘गियाँ-बारे’ ह्या रोगाची साथ आली आणि संशयित रोग्यांची संख्या दोनशेच्या वर गेली, ते वाचकांना आठवत असेल. दूषित पाण्यातून पोटात जंतू गेले, आणि त्यांच्याशी लढायला निघालेली शरीराची फौज स्वतःच्याच तंतूंवर उलटली. त्याचा एक सावकाश चालणारा चुलतभाऊही आहे. त्यात आठवड्यांमागून आठवडे मांड्या आणि दंड ह्यांतली ताकद जाते. जिना चढवत नाही, जमिनीवरून उठवत नाही. त्यावर स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन अशी खरीखुरी औषधे आहेत आणि ती वेळेवर मिळाली तर रोगी उभा राहतो. अशा रोग्याला हळदीच्या गोळ्या देत बसणे म्हणजे घर पेटले असता उंबऱ्यावर पाणी शिंपडणे होय. म्हणून ज्याची ताकद जाते आहे, ज्याचा आजार झपाट्याने वाढतो आहे किंवा एकाच बाजूला आहे, त्याने बाटली नव्हे, मज्जाविकारतज्ज्ञ गाठावा आणि तोही ताबडतोब.

एकेका बाटलीची कुंडली

मला ज्यांनी ज्यांनी औषध सुचवले त्यांची यादी केली तर ह्या अंकाची पाने पुरणार नाहीत. त्यांतल्या पाच बाटल्यांची मात्र मी कसून चौकशी केली.

पहिली हळद. हळदीविषयी आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते लढवले आणि १९९७ साली रद्द करून घेतले. तथापि, आजीला ही गोष्ट आधीच ठाऊक होती एवढेच त्या खटल्यात ठरले. हळदीने मज्जातंतू बरे होतात असे नव्हे. हळदीत कर्क्युमिन हे द्रव्य वजनाच्या सुमारे तीन टक्के असते आणि पोटात गेलेले बहुतेक कर्क्युमिन रक्तात न शिरता निघून जाते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली असे दिसले की, मिऱ्यातले पायपरिन सोबत दिले तर ते रक्तात वीसपट चढते. म्हणून बहुतेक गोळ्यांत मिरे असते. पण हेच मिरे इतर औषधांचेही रक्तातले प्रमाण बदलते, आणि अशा जोरदार गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. उंदरांच्या वेदना हळदीने कमी होतात असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु उंदराचा पाय केवढा आणि आपला केवढा!

आणखी एक गोष्ट. बांगलादेशात २०१९ साली असे उघड झाले की, हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात शिशाचे क्रोमेट मिसळले जात होते. शिसे हे मज्जातंतूंचे विषच. तेव्हा फोडणीपुरतीही हळद घ्यायची ती हळकुंडे आणून, दळून घ्यावी हे बरे.

दुसरी बाटली माशाच्या तेलाची. कॅनडात २०१७ साली मधुमेहाच्या ४० रोग्यांना वर्षभर सीलचे तेल दिले, तेव्हा डोळ्याच्या बुबुळावरील बारीक तंतूंची लांबी २९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. वाचून हुरूप येतो. पण त्यांच्याशी तुलना करायला तेल न घेणारा गट नव्हता, आणि रोग्यांच्या तक्रारींतही फरक पडला नाही.

तिसरी अल्फा-लिपोइक आम्ल. ह्याच्या परीक्षा मधुमेहींवर पुष्कळ झाल्या. २००६ सालच्या एका परीक्षेत पाच आठवड्यांत आराम दिसला. पण सगळ्या चांगल्या परीक्षा एकत्र तोलून २०२४ साली कॉक्रेन संस्थेने निर्वाळा दिला तो असा की, सहा महिन्यांनंतर खऱ्या गोळीत आणि खोट्या गोळीत तक्रारींच्या दृष्टीने फारसा फरक राहत नाही.

चौथी अ‍ॅसिटिल-कार्निटिन. कर्करोगाच्या औषधाने मज्जातंतू बिघडू नयेत म्हणून स्तनाच्या कर्करोगाच्या ४०९ स्त्रियांवर हिची परीक्षा झाली. २०१३ साली निकाल लागला : गोळी घेणाऱ्यांचे तंतू न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडले! ‘गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना’, हे आपले आवडते वाक्य ह्या एका निकालाने खोटे ठरवले.

पाचवी सर्वांत साळसूद, ‘नसांचे टॉनिक’. ह्यात ब-६ जीवनसत्त्व असते. ते कमी पडले तर तंतू बिघडतात. म्हणूनच क्षयाच्या गोळ्यांबरोबर ते देतात. पण ते जास्त झाले तरीही तंतू बिघडतात! रोज दोन ते सहा ग्रॅम ब-६ घेणाऱ्या सात रोग्यांच्या संवेदना गेल्याचे १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पुढे ह्याहून पुष्कळ कमी मात्रेतही त्रास झाल्याचे दिसत गेले आणि २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. मला सुचवलेल्या दोन बाटल्यांवरची बारीक अक्षरे मुलीने भिंग घेऊन वाचली. एकीवर ‘पायरिडॉक्सिन’, दुसरीवर ‘पायरिडॉक्सल फॉस्फेट’. नावे दोन, जीवनसत्त्व एकच; दोन्हींची बेरीज ह्या मर्यादेच्या कितीतरी वर. दोन्ही बाटल्या सीलबंद होत्या तशाच दुकानात परत गेल्या.

भस्मांविषयी एकच सांगतो. बॉस्टनमधल्या दुकानांत विकली जाणारी दक्षिण आशियातली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळले. हे २००४ साली प्रसिद्ध झाले आहे. शिसे आणि सोमल दोन्ही पायांना मुंग्या आणतात. ज्याचे कारण शोधायचे तेच औषध म्हणून घ्यायचे, असा हा प्रकार होऊ शकतो.

माझी वही

मग काय, सगळ्या बाटल्या फेकून द्याव्यात? तसे मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता पाय जळत असलेल्या माणसाला ‘पुरावा नाही’ एवढे सांगून भागत नाही. त्याला काहीतरी करून पाहायचे असते, आणि तो त्याचा हक्क आहे. मी एवढेच ठरवले की, करायचे ते हिशेबाने करायचे. डॉक्टरांना विचारून, इतर औषधांशी मेळ पाहून, एका वेळी एकच बाटली घ्यायची. आधी चार आठवडे काहीही न घेता नुसती नोंद करायची. नोंद ‘बरे वाटले’ अशी नाही, तर मोजता येईल अशी : रात्री जाग आली की सकाळी कॅलेंडरवर फुली. मग बारा आठवडे बाटली, आणि त्यानंतर पुन्हा चार आठवडे बंद. फुल्या मारण्याचे काम सौभाग्यवतीकडे दिले, कारण औषधाचे पैसे दिलेल्या माणसाला आपली रात्र बरी गेली असे वाटण्याचा मोह असतो.

हळदीच्या गोळीचा निकाल असा : आधीच्या २८ रात्रींत ११ फुल्या, शेवटच्या २८ रात्रींत १२. माशाच्या तेलाने मात्र आम्हांला चकवलेच. पौषात सुरू केले तेव्हा १३ फुल्या होत्या, चैत्रात ७. घरात आनंदीआनंद झाला. पण नियमाप्रमाणे चार आठवडे तेल बंद केले, तर फुल्या ६! गुण तेलाचा नव्हता, उन्हाळ्याचा होता. साताऱ्याची थंडी गेली की माझे पाय दरवर्षी नरम पडतात, हे सहा वर्षांत प्रथमच कागदावर दिसले. “अहो,” सौभाग्यवती म्हणाल्या, “नऊशे रुपयांच्या बाटलीपेक्षा बांगडाच आणत जा, निदान जेवण तरी चांगले होईल.” तेव्हापासून आमच्याकडे आठवड्यातून दोनदा बांगडा असतो. पायांसाठी नव्हे, चवीसाठी.

वहीने मला जी औषधे घेऊ दिली तीही सांगतो. वेदना खाली आणणारी औषधे आहेत. ती तार दुरुस्त करीत नाहीत, खोट्या वर्दीचा आवाज कमी करतात. कारण न सापडलेल्या ४०२ रोग्यांवर अशा चार औषधांची तुलना अमेरिकेत झाली आणि २०२१ साली प्रसिद्ध झाली. सर्वांना लागू पडणारे एकही ठरले नाही. नॉरट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन ही दोन त्यातल्या त्यात बरी ठरली, आणि तरीही गुण आला तो चौघांत एकाला. माझ्या डॉक्टरांनी ह्यांपैकी एक अगदी कमी मात्रेत सुरू केले. हिवाळ्यातल्या फुल्या १३ वरून ८ वर आल्या आणि औषध थांबवल्यावर पुन्हा चढल्या. हा गुण खरा! तो थोडा आहे, पण तो आमच्या वहीत लिहिलेला आहे.

बधिर पाय आणि दिवाळी

आगीपेक्षा बधिरपणा अधिक घातक, हे मला डॉ. पॉल ब्रँड ह्यांच्या कामामुळे कळले. १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेल्या ह्या शल्यवैद्याने वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करताना दाखवून दिले की, त्यांची बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून जखमा होतात, त्या चिघळतात आणि बोटे जातात. वेदना हा देहाचा पहारेकरी आहे. तो झोपला तर पहारा आपण द्यायचा.

म्हणून रोज रात्री आरसा खाली धरून तळवे पाहावेत. चप्पल मऊ रबराची आणि मागे पट्टा असलेली घ्यावी, आणि पायात घालण्यापूर्वी ती झटकावी. अंधारात पाय जमिनीचा ठाव घेऊ शकत नाहीत, म्हणून रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवावा. रोज चालावे, आणि ओट्याला हात टेकून एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. दिवाळीत तर विशेष जपावे. अभ्यंगस्नानाच्या पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये. कोपर बुडवून किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला हात घालायला सांगून घ्यावा. अंगणात मुलांनी टाकलेल्या फुलबाज्यांच्या तारा विझल्यावरही तापलेल्या असतात. तिथे अनवाणी जाऊ नये.

भाऊबीजेची तपासणी

आता शेवटची गोष्ट. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये कारण न सापडलेल्या २०५ रोग्यांची नव्याने, चिकाटीने तपासणी झाली आणि १९८१ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७६ टक्के रोग्यांचे कारण सापडले, आणि सर्वांत मोठा गट, ४२ टक्के, आनुवंशिक आजाराचा निघाला. ही गोष्ट आधी कळली नव्हती, कारण रोग्यांच्या भावाबहिणींचे पाय कोणी पाहिलेच नव्हते! अशा घराण्यांत कमान फार उंच असलेले पाऊल, वाकडी झालेली बोटे, सारखी मुरगळणारी टाच अशा खुणा असतात; आणि ती माणसे म्हणतात, आमच्याकडे सगळ्यांचे पाय असेच.

हे कळल्यावर गेल्या भाऊबीजेला मी ओवाळून घेतले आणि आक्कांच्या पायांशी वाकलो. आजवर नमस्कार करताना डोळे मिटत असत. ह्या वेळी उघडे ठेवले. आक्का चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पावलाची कमान एवढी उंच की खालून लिंबू जावे, आणि बोटे आत वळलेली. “अरे, हे लहानपणापासूनचे,” त्या म्हणाल्या, “शाळेत मला पळताच येत नसे. बाबांचेही पाय असेच होते, तुला आठवत नाही?” वडिलांचे पाय मला आठवत होते, पण ते माझ्या आजाराचे कारण असू शकेल हे कधी मनात आले नव्हते.

डॉक्टरांनी आमच्या दोघांचे रक्त जनुकांच्या तपासणीसाठी पाठवले आहे. निकाल काहीही येवो. आनुवंशिक निघाला तरी त्यावर औषध आहे असे नाही. पण माझी नातवंडे चालू लागली की त्यांच्या पावलांकडे कोणी तरी वेळेवर पाहील, आणि त्यांनी मज्जातंतूंना मारक औषधे घेऊ नयेत हे डॉक्टरांना आधीच सांगता येईल. वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या पायांत अकारण मुंग्या येत असतील, तर ह्या दिवाळीत नवी बाटली आणण्यापूर्वी एवढे करा : सगळी भावंडे फराळाला जमली की त्यांना चपला-मोजे काढायला सांगा, आणि नीट पाहा.